मायचा खोकला

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मायचं एक फुप्फुस बसलं. आंधळगावला तिनं वर्षानुवर्षं धान उकडलं, चुलीचा धूर गिळला. धाप जुनीच, डॉक्टर तिला एम्फिसीमा म्हणत. फुप्फुसावरचा हवेचा फुगा फुटून हवा छातीत कोंडली होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांमध्ये लहानसा छेद देऊन नळी घातली, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलं. माय जोरात खोकली की कोंडलेली हवा बुडबुडत बाहेर पडणार आणि फुप्फुस फुलणार. नाही फुललं तर नागपूरला नेऊन छाती उघडायची. ते तिला झेपेल असं कोणीच म्हणत नव्हतं.

मी जवाहरनगरहून रोज येत होते. आल्याबरोबर कामं वाटून टाकली : औषधं नवऱ्याकडे, रात्र भावजयीकडे, डबा माझ्याकडे. दिवसभर बसायला मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आपणहून आले. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ते स्टुलावरून हलत नसत. मला हायसं वाटलं.

पण बाटलीतलं पाणी शांत. डॉक्टर खोकायला सांगत, माय तोंडावर पदर धरून नुसतं खाकरल्यासारखं करी. नव्या एक्स-रेतही फरक नव्हता. परवा नागपूरचं ठरवू, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दुपारी मोठे बाबा चहाला गेले आणि माय खोकली. पाणी उकळल्यागत खदखदलं. व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजल्या, तसा तिनं पुढचा खोकला गिळला.

"काहून दाबून राहिली?" मी विचारलं.

"भासऱ्यासमोर खोकू काय? लोक काय म्हनतीन?"

थोरल्या दिरापुढे आमच्याकडच्या बायका आवाज चढवत नाहीत. ही तर जीव जाईपर्यंत पाळायला निघाली होती. मी मोठ्या बाबांना दारातच गाठलं आणि सरळ सांगितलं, तुम्ही बसता म्हणून माय खोकत नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी क्षणभर बाटलीकडे पाहिलं, स्टूल उचललं आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मायशी ते थेट कधी बोलत नसत. आत न पाहता मला म्हणाले, "तुया मायले सांग, मी बयरा झालो. खोक म्हना, साऱ्या वॉर्डाले ऐकू जाऊ दे."

पदराआड माय हसली, आणि हसता हसताच तिला ढास लागली. मी उशी तिच्या कुशीला दाबून धरली आणि म्हटलं, अजून एक. मग अजून एक. बाटली खदखदत राहिली.

नागपूरचा विषय मागे पडला. काही दिवसांनी बुडबुडे थांबले तेव्हा मी घाबरले. डॉक्टरांनी हसून एक्स-रे उजेडात धरला. मधली काळी पोकळी गेली होती, फुप्फुस बरगड्यांना टेकलं होतं. नळी निघाली, टाके पडले.

घरी निघालो तेव्हा मोठे बाबा पुढे होते. मागे माय, डोक्यावर पदर घेऊन, स्वतःच्या पायांनी, मोकळ्या गळ्यानं खोकत. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त चाल हळू केली.