सासूबाईंच्या लुगड्यातलं धड

मंडळी, आज दुपारची गोष्ट सांगते.

लोणखेड्याच्या कॉलेजात आम्हा बायकांच्या शिवणकामाचं प्रदर्शन आहे. मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात चिंध्या भरून त्यांचंच धड शिवलं, त्यांना विचारूनच.

आज त्या बघायला आल्या. त्यांनी त्या धडाची डावी छाती दाबून पाहिली.

"हाई मी नही शे. कातर दे माले."

कॅन्सरच्या ऑपरेशनात त्यांचा डावा स्तन काढलाय. महिनाभर ती जखम मीच पुसायचे. तरी लोक काय म्हणतील म्हणून मी दोन्ही बाजू भरल्या होत्या.

सगळ्यांदेखत त्यांनी डाव्या बाजूचे टाके उसवले, चिंध्या माझ्या हातात दिल्या.

"तू तं देखेल शे," तू तर पाहिलंयस, एवढंच म्हणाल्या.

मी नेमकं कोणापासून लपवत होते?