बरोबरीत सुटलेला गोल्फ

आमच्या गोल्फ स्पर्धेचा इतिहास कुणी विचारला की मी आधी डोक्यावरचे केस बाजूला करून दाखवतो. कारण तो इतिहास कागदावर फारसा नाही. लोकांच्या अंगावर आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत नाशकाबाहेरच्या आमच्या गोल्फ क्लबला वाटायला लागलं की आपलंही नाव व्हावं. देशातल्या व्यावसायिक खेळाडूंचा, म्हणजे प्रो मंडळींचा, हंगाम थंडीत असतो. उन्हाळा-पावसाळा ते घरी बसून असतात. मग मे महिन्यात त्यांतल्या मोजक्यांना बोलवावं, समोरासमोर खेळवावं, अशी कल्पना निघाली. कल्पना माझीच होती, त्यामुळे चिटणीसपदही माझ्याच गळ्यात पडलं. मला गोल्फ फार येत नव्हतं. पण माझे मामा गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरवायचे आणि मी लहानपणापासून त्यांच्या मागे असायचो. माणसं बोलवून झुंजवायची कशी, एवढी एकच विद्या मला अवगत होती. मी ती जशीच्या तशी गोल्फला लावली.

प्रत्येक प्रोला मी नारळ पाठवला. पैलवानाला पाठवतात तसाच. आल्यावर फेटा बांधला. आमचे अध्यक्ष लासलगावचे कांद्याचे व्यापारी, त्यांनी प्रत्येकाला कांद्याची एक गोणी दिली. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, चेंडू होलमध्ये पडला की वाजवायला हलगीवाला आणला आणि माइक स्वतःकडे ठेवला. शेजारच्या गावात रिक्षा फिरवून पुकारा केला, "नामवंत मल्लांच्या निकाली लढती". गाव लोटलं. क्लबाचे जुने सभासद म्हणाले, हा गोल्फ नाही. मी म्हणालो, गर्दी बघा.

पहिल्या वर्षी उद्घाटनाचा फटका मी मारला. मे महिन्यात आमची जमीन म्हणजे नुसता मुरूम. चेंडू हद्दीच्या दगडावर आपटून मागे आला आणि अध्यक्षांच्या तोंडावर बसला. कवळीचे दोन तुकडे झाले, ओठाला टाके पडले. पुढल्या वर्षी एका पाहुण्याचा चेंडू हलगीचं कातडं फाडून आरपार गेला. हलगीवाल्याने हलगीचं उरलेलं कडं त्या पाहुण्याच्या पाठीत घातलं. त्याच्या पुढच्या वर्षी एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, बॅगा उचलणाऱ्या दोन कॅडींची जुंपली. एकमेकांच्या तोंडात वाळू कोंबताना त्यांना मी सोडवायला गेलो आणि तिसरं तोंड त्यांना आयतं मिळालं. तरी दरवर्षी गर्दी वाढत होती. मारामारी बघायला येतात की गोल्फ, हे मी कधी विचारलं नाही.

आता त्या शेवटच्या वर्षाचं सांगतो. दोन हजार साल उलटून गेलं होतं.

शेजारच्या गावातला एक तरुण आमच्या क्लबात बॅगा उचलता उचलता खेळायला शिकला होता आणि पुढे प्रो झाला होता. त्याचा बाप जुना पैलवान. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. घरची गुलाबाची शेती. मोठा मुलगा वारलेला, हाताशी हा एकच, आणि हा काठी घेऊन गवतात चेंडू शोधत गावोगाव फिरतो, हे म्हाताऱ्याला बिलकूल मंजूर नव्हतं. त्या वर्षी पोरगा फायनलला पोचला तेव्हा वस्ताद क्लबाच्या फाटकात मला सगळ्यांदेखत म्हणाला, "सायब, उद्या मी बघायला येतोय. याच्या अंगात दम हाय का ते कळू दे. नसला तर परवापासून गुलाबात. पुन्हा तुमच्या दारात दिसायचा नाय."

पोरगा शेजारीच उभा होता. मान खाली घालून एवढंच म्हणाला, "या आबा."

फायनलला समोर पंजाबकडचा एक धिप्पाड प्रो होता. सगळं मैदान चालत त्यांच्यामागे. कधी हा एका होलने पुढे, कधी तो. अठरावा होल संपला तेव्हा दोघे बरोबर. नियमाप्रमाणे आता पुढचा एकेक होल खेळायचा आणि जो आधी एक होल जिंकेल तो विजेता. पण तेवढ्यात पश्चिमेकडून वावटळ उठली, मांडवाचं कापड फाटलं आणि टेकडीवर वीज पडली. आमचे पंच देवळालीचे निवृत्त लष्करी अधिकारी. ते म्हणाले, "विजा पडताना लोखंडी काठ्या घेऊन कुणी उघड्यावर उभं राहणार नाही. दोघं संयुक्त विजेते. जाहीर करा."

मी माइक उचलला. सवयीने तोंडातून निघालं, "मंडळी, ही कुस्ती बरोबरीत सोडवण्यात येत आहे."

कुस्तीच्या मैदानात वाढलेल्या माणसाने हे वाक्य कसं उच्चारावं, हे मला अजून समजलेलं नाही. जत्रेत मोठी कुस्ती बरोबरीत सोडवली म्हणजे आतून ठरलेली, पाहुण्याने आणि घरच्याने पैसे वाटून घेतलेली. अशा वेळी लोक आधी पंचांना धरतात. आणि मी तर पुकारा केला होता निकाली लढतींचा.

पहिली खुर्ची पंचांच्या पाठीत बसली. मग खुर्च्यांचा पाऊसच. मांडवाचे बांबू उपसले गेले. कुणीतरी होलमधला झेंडा उपटून अध्यक्षांच्या मांडीत मारला. एक खुर्ची पंजाबच्या प्रोच्या नडगीवर आदळली; त्याने लोखंडी काठी फिरवली आणि पुढच्या माणसाचा हात कोपराखाली असा वाकला की आवाज मला ऐकू आला. माझ्या डोक्यात काय बसलं ते मी पाहिलं नाही. रक्त डोळ्यांत उतरलं तेव्हा मी माइकवरून "शांतता राखा" म्हणत होतो, आणि माइकची वायर कधीच तुटली होती.

त्या सगळ्यात वस्ताद सरळ पोराकडे गेला. हातात काठी. पहिला तडाखा कानावर. कान फाटला.

"किती घेतले?"

"आबा, नाय घेतले."

दुसरा खांद्यावर. "माझ्यासमोर इकलास व्हय रं?"

तिसरा तडाखा पोराने डाव्या हाताने वरच्यावर धरला. बोटं कडकडली, पण काठी सोडली नाही. बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "अजून एक होल खेळतो. तुमच्यासमोर. मग काय ते करा."

वावटळ तोवर सिन्नरकडे सरकली होती, नुसती धूळ मागे ठेवून. पंच टेबलाखाली होते. परवानगी द्यायला तेच बाहेर आले की बाहेर ओढले गेले, हे नीट दिसलं नाही. पंजाबचा प्रो नडगी धरून बसला होता. मी त्याला हात जोडले. तो म्हणाला, "खेल लेते हैं भाई, नहीं तो ये लोग हमें यहीं गाड़ देंगे."

अठरा संपले म्हणून पुन्हा पहिल्या होलवर दोन्ही बाजूंनी गाव उभं राहिलं. कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात खुर्चीचा पाय. मघा ज्याचा हात मोडला तोही गळ्यात उपरणं बांधून बघत होता. पाहुण्याचा दुसरा फटका ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, पडला. पोराची बोटं सुजून काठीवर बसत नव्हती. त्याचा दुसरा फटका बंकरमध्ये. तिथून त्याने चेंडू असा काढला की गावाने श्वास आत ओढला. होलपासून जेमतेम चार हातांवर. पाहुण्याने आपले दोन फटके मारून होल पुरा केला. आता याला हा एकच फटका. चेंडू आत गेला तर झुंज पुढे चालू, नाहीतर पाहुणा जिंकला.

कानातलं रक्त गळ्यावरून सदऱ्यात चाललं होतं. त्याने हलकेच मारलं. चेंडू होलच्या काठावर गेला, अर्धा गोल फिरला आणि बाहेर थांबला.

हलगीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

वस्ताद ग्रीनवर गेला. वाकून पोराचा चेंडू पाहिला, मग होलमधला पाहुण्याचा पाहिला. पाहुण्याचं मनगट धरून हात वर केला आणि गावाकडे तोंड करून त्याला एकदा फिरवून दाखवलं. मग पोराकडे वळला.

"पडलास."

"पडलो."

म्हातारा बराच वेळ त्या फाटलेल्या कानाकडे बघत राहिला. "लढून पडलास," तो म्हणाला. "जा. बोलावतील तिथं जा. गुलाबाचं मी बघंन."

पोरगा खाली बसला आणि सुजलेली बोटं तोंडात घालून लहान मुलासारखा रडला.

मी तेवढ्यात हलगीवाल्याच्या मागे सरकलो होतो. "तो बरोबरीवाला सायब कुठं हाय?" असं ऐकू आलं, आणि हलगीवाला शहाणा माणूस, तो बाजूला झाला. म्हाताऱ्याने एकच लगावली. डोक्याची जखम विसरायला झालं एवढं मात्र कबूल करतो.

क्लबने स्पर्धा बंद केली. ठरावाला मीही हात वर केला, तोंड उघडत नव्हतं म्हणून. पोरगा त्या थंडीत बाहेर खेळायला गेला आणि पहिल्याच स्पर्धेत लवकर बाद झाला. ही बातमी सांगायला वस्ताद स्वतः क्लबात आला, गुलाबांचा एक जुडगा घेऊन. फुलं मी घेतली. पण हात लांब करून, टेबलाच्या पलीकडूनच.