माझ्या सदऱ्यावरचे पूर्वज

बाबांच्या दहाव्याला कावळ्याने पिंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

कुंडलिका नदीच्या काठावर हात जोडून आम्ही भावंडांनी सगळं कबूल केलं. आईला सांभाळू, वाटणीवरून भांडणार नाही. डोलवीला कंपनीत शिफ्ट करणारा मी, तर 'वालाचं शेतही बघीन' असं बोलून गेलो. ते ऐकून झाडावरचे उरलेले कावळेही गेले. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. (तो बिचारा काही बोलला नाही.) आईने मात्र तो मानला नाही. ते उपाशी गेले, मला घास कसा उतरंल, म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मधुमेहाच्या गोळ्या खाणारी बाई, न जेवता किती तग धरणार? मी मनातून पार घाबरलो.

घाबरून, दिलेला शब्द त्याच दुपारी पाळायला निघालो. वालाच्या शेंगा अळी पोखरत होती. रोह्याच्या दुकानदाराने कामगंध सापळे आणि 'हार्मोनच्या गोळ्या' दिल्या. पतंगांत मादी वास सोडते आणि नराला तो लांबून कळतो. गोळीला तोच मादीचा वास, म्हणून नर येऊन सापळ्यात पडतात. हातमोजे घाला, असंही तो म्हणाला. मी उघड्या हातांनी सापळे लावले, हात सदऱ्याला पुसले आणि उरलेल्या गोळ्या खिशात टाकल्या.

तिन्हीसांजेला दिवा लावला आणि एक पतंग येऊन माझ्या छातीवर बसला. मी झटकणार, तेवढ्यात आई ताठ झाली.

"हलू नको रं. ते आलंत."

खरं सांगायला तोंड उघडलं, तर दुसरा आला. मग आणखी चार. आत्याने त्यांना आजोबा, पणजोबा ठरवून टाकलं. थोड्याच वेळात आमची अख्खी वंशावळ माझ्या कॉलरीतून आत शिरत होती.

आईने प्रत्येकाला निरखून पाहिलं. "यांच्यात सासूबाय नाय ना?"

"नाय. सगळे बापयेच हायत." एवढं मी खात्रीने सांगू शकत होतो.

आत्याने पेजेची वाटी पुढे केली. "वयनी, जेव गो आता."

आई जेवली. मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून तोवर मी रडलोच नव्हतो.

बाबा लेकाच्या छातीवर येऊन बसले, असं आई अजून गावभर सांगते. खिशातल्या गोळ्यांचं मी तिला काय सांगू? आयुष्यात एकदाच इतके जण माझ्यासाठी धावत आले, तेही मला बाई समजून. मिशी मी त्याच सकाळी उतरवली होती, एवढंच काय ते माझ्या बाजूने बोलता येईल.