उकिडवेकाकांचा बंब

गेल्या जानेवारीत एका रविवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी सुलभा उकिडवे यांना अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरून उचलून बाहेर आणलं. घराला आग लागलेली नव्हती. घरात धूर होता. तो धूर त्यांचे पती गजानन उकिडवे यांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या स्टोव्हचा होता.

उकिडवेकाका बॉयलरचे इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर, सहा वर्षांपूर्वी, त्यांनी दिवाणखान्यात पेलेट स्टोव्ह आणला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या कांड्या त्यात जळतात. कांड्या आत ढकलायला मोटर आणि धूर बाहेर फेकायला पंखा. दोन्ही विजेवर चालतात. काका त्याला ‘बंब’ म्हणत. मिरजेच्या न्हाणीघरात होता, त्या तांब्याच्या बंबाची आठवण म्हणून. नवीन पाहुण्याला आधी बंब दाखवला जाई, मग बसायला सांगितलं जाई. “चार बेडरूमचं घर एकटा ओढतो,” ते म्हणत. दुसऱ्या हिवाळ्याआधी त्यांनी घर गरम करणारी तळघरातली तेलावरची भट्टी उचकटून भंगारात दिली. “एका म्यानात दोन तलवारी कशाला?”

घरात एकच कायदा होता: कोणतंही दार लावायचं नाही. दार लावलं की उष्णता अडते. बेडरूमची दारं उघडी, कपाटांची उघडी, बाथरूमचंही चार बोटं उघडं. आत गेलेल्या पाहुण्याला गाणं म्हणत बसावं लागे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या बंबासमोर घाम पुसत बसायच्या आणि निम्म्या जेवणाच्या टेबलाशी कोट घालून. “उष्णता आपोआप वर जाते,” काका समजावत. “निसर्गाचा नियम आहे. आपण फक्त वाट द्यायची.”

वर मागच्या खोलीत सुलभाकाकू झोपत. काकूंना दमा होता आणि काकांच्या घोरण्यात त्यांना झोप लागत नसे. प्रत्येक खोलीत काकांनी थर्मामीटर टांगला होता आणि रोज सकाळी ते आकडे वहीत उतरवून घेत. एका सकाळी मी तिथे असताना त्यांनी वाचून दाखवलं. दिवाणखाना एक्क्याऐंशी फॅरनहाइट, मागची खोली सत्तावन्न, म्हणजे जेमतेम चौदा सेल्सियस.

“सरासरी एकोणसत्तर. परफेक्ट,” काका म्हणाले.

काकू तीन स्वेटर घालून पोहे परतत होत्या. “मी सरासरीत झोपत नाही,” त्या म्हणाल्या.

“चौथा स्वेटर घाल.”

“मग हात वर होत नाहीत, पोहे तुम्ही करा.”

काका हसले. मीही हसलो.

काका दुष्ट नव्हते, हेही नोंदवायला हवं. पुण्या-नागपुराहून नोकरीला आलेल्या कितीतरी जोडप्यांना पहिल्या बर्फात बूट, फावडं आणि मीठ त्यांनीच नेऊन दिलं. मलाही दिलं. कोणाचा नळ गळला की ते पाना घेऊन हजर होत. मदत मागायला लागू नये, अशी त्यांची मदत असे. काकू गेली सहा वर्षं एकच गोष्ट मागत होत्या, ती मात्र त्यांना ऐकू येत नव्हती.

त्या रविवारी वारा होता. एक वाजून दहा मिनिटांनी आमच्या रस्त्यावरची वीज गेली. काकांच्या बंबाचा पंखा थांबला, आतल्या कांड्या जळत राहिल्या आणि धूर घरात फिरला. दारं उघडी होती, जिना उघडा होता. धूरही वर जातो. काकूंच्या खोलीबाहेरचा धुराचा अलार्म दोन हिवाळ्यांपूर्वीच काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता. सारखा वाजतो म्हणून. काकू दुपारच्या झोपेतून खोकत उठल्या आणि नाइन वन वनला फोन करा म्हणाल्या. काकांनी खालून सांगितलं, “काही नको. पाच मिनिटांत विझतोय.” स्टोव्हचं परमिट त्यांनी काढलेलं नव्हतं. फायरवाले आले की घर तपासायला इन्स्पेक्टर येतो, हे त्यांना माहीत होतं.

एक बावीसला काकूंनी मला फोन केला. मी समोरच राहतो. त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, बंब बोलव.” पुढे खोकला, आणि फोन बंद.

काकू सोलापूरच्या. सोलापुरात आग लागली की बंब येतो. पण सहा वर्षं त्या घरात बंब म्हणजे एकच वस्तू होती. बंब बिघडला, कोणाला तरी बोलव, असा मी अर्थ लावला. मी स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला फोन केला, त्याच्या मशीनवर निरोप ठेवला, मग बूट शोधून घातले. रस्ता ओलांडला तेव्हा एक पस्तीस झाले होते आणि वरच्या खिडकीच्या फटीतून धूर येत होता. एक छत्तीसला मी नाइन वन वनला फोन केला. ती चौदा मिनिटं माझ्या नावावर आहेत.

काका दिवाणखान्यात ओला टॉवेल बंबाच्या दाराच्या फटीत कोंबत होते. जवानांना त्यांनी इंग्रजीत सांगितलं की आग नाही, फक्त धूर आहे. जवानाच्या हातातलं विषारी वायू मोजायचं मीटर वाजत होतं. मग ते माझ्याकडे वळले. “तू बोलावलंस यांना? गल्लीत शोभा केलीस!”

दोन दिवसांनी इन्स्पेक्टरने स्टोव्हचं मॅन्युअल मागितलं. नोव्हायहून आलेली त्यांची मुलगी मेघना हिने ते शोधून काढलं. वीज गेली तरी धूर आपोआप बाहेर ओढला जावा म्हणून पाइप भिंतीबाहेर काही फूट उभा न्यावा, अशी त्यात सूचना होती. काकांनी तो आडवाच बाहेर काढला होता. सूचनेखाली पेन्सिलीने रेघ होती. समासात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अनावश्यक’.

“बाबा, यू न्यू,” मेघना म्हणाली. “तुम्ही अंडरलाइन केलंय.”

“करंट गेला म्हणून झालं,” काका म्हणाले. “डिझाइनमध्ये फॉल्ट नाही.”

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने काकूंना विचारलं, घरी तुम्हाला कसं वाटतं? या देशात आल्यापासून काकूंच्या वतीने डॉक्टरांशी काकाच बोलत. त्यांनी सवयीने सुरुवात केली, “शी इज ॲब्सोल्यूटली फाइन, डॉक्टर.”

काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “आय ॲम कोल्ड,” त्या म्हणाल्या. “फॉर सिक्स इयर्स.”

इन्स्पेक्टरने बंबावर वापरबंदीची लाल पट्टी लावली. घरी आल्यावर काकूंनी काकांना एकच विचारलं, “भट्टी कधी बसवताय?” काका म्हणाले, “आता थंडी संपतच आली. पुढच्या वर्षी बघू.” त्या वेळी जानेवारी होता.

गुरुवारी सकाळी काकू मेघनाबरोबर नोव्हायला गेल्या. विमानतळावर मी सोडलं. परत येताना काकूंनी माझ्याजवळ दिलेली त्यांची घराची किल्ली द्यायला काकांकडे गेलो. ते दिवाणखान्यात कोट घालून बसले होते, शेजाऱ्यांनी दिलेला विजेचा छोटा हीटर पायाशी होता. थर्मामीटर चोपन्न दाखवत होता. मेघनाचा राहिलेला चार्जर आणायला त्यांनी मला वर पाठवलं. बेडरूमची, कपाटांची, बाथरूमची दारं उघडी होती. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं.