लॅपटॉपची पाटीपूजा

खंडेनवमीला मी नववीच्या वर्गात लॅपटॉपवर नारळ फोडला.

अगदी वर नव्हे, शेजारच्या दगडावर. पण पाणी कुठं उडवायचं हे नारळ मास्तरला विचारत नाही. त्या वर्षी आमच्या शाळेत प्रत्येक लेकराला एकेक लॅपटॉप मिळाला होता. पूर्वी या दिवशी आम्ही पाट्या मांडून त्यांवर सरस्वती काढायचो. मला वाटलं, आता हीच पाटी. सगळे लॅपटॉप उघडून सतरंजीवर मांडले, हळदीकुंकू वाहिलं, आणि हेडमास्तर ‘अहो, झाकणं तरी लावा’ म्हणेपर्यंत मी नारळ आपटून मोकळा झालो होतो.

एकाच लॅपटॉपच्या बटणांत पाणी शिरलं. पडदा लुकलुकला आणि काळा पडला. तो नेमका त्या मुलीचा होता, जिच्या बापाची मेंढरं होती.

ते कुटुंब दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कळप घेऊन चराईला निघणार होतं. कळपामागे तिच्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली होती. हिची सुटू नये म्हणून मीच बापाच्या मागे लागलो होतो. सगळे धडे लॅपटॉपमध्ये भरून देतो, वाटेतल्या गावात गिरणीवर चार्ज करील, अभ्यास करील, तुम्ही फक्त परीक्षेला आणून सोडा. बाप शेवटी म्हणाला होता, “डबडं चाललं तर शाळा. न्हाई चाललं तर मेंढरं.”

आणि मी डबडं मारलं होतं.

मग मला बसवेना. लॅपटॉप उलटा करून झटकला, फुंकला, उन्हात ठेवला, लगेच उचलला, पुन्हा ठेवला. कुणी म्हणालं, तांदळात ठेवा. घरात तांदूळ मूठभर, म्हणून ज्वारीच्या डब्यात खुपसला. बायको म्हणाली, “बरं झालं, आता भाकरी चार्ज होऊन निघतील.”

डब्यातून तो तसाच उपसला आणि मोटारसायकलवर परभणी गाठली. दुरुस्तीवाला दुकानात हाताची घडी घालून बसलेला. समोर पाटावर त्याची सगळी हत्यारं, वर झेंडूची फुलं.

“पेचकस पूजेत बसलेत, सर. उद्या पूजा हलल्याबिगर उचलत न्हाई.”

“अहो, यंत्राला नवमी कळते का?”

त्यानं लॅपटॉपच्या फटीतला ज्वारीचा दाणा आणि कुंकू निरखून बघितलं. “मग तुमी कशापायी पूजलं?”

यावर मी गाडीला किक मारली.

दसऱ्याला सकाळी माझा स्वतःचा लॅपटॉप काखोटीला मारून पळतच त्यांच्या घरी गेलो. घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं होतं. मेंढरं रस्त्यावर उतरली होती. मुलगी दारातच उभी होती, शाळेचा गणवेश घालून. माझा लॅपटॉप म्हणजे दावणीची म्हैस. भिंतीतली वायर काढली की मान टाकतो. हे मला मुलीनं त्याचं बटण दाबल्यावर आठवलं.

“आता मेंढराच्या शिंगाला प्लग बसवू का?” बाप म्हणाला. त्यानं मुलीकडं न बघता काठी उचलली. “चल गं. गणवेश काढून ठेव.”

ती हलली नाही. तेवढ्यात शेजारची तिची वर्गमैत्रीण स्वतःचा लॅपटॉप छातीशी धरून धावत आली. “माझा घेऊन जा. धडे तेच हायेत. माझ्या घरात लाईटचा बोर्ड हाय, मी सरांचा वापरते.”

मुलीनं तो गोधडीत गुंडाळला आणि घोड्यावर चढवला. मी मदत म्हणून दोरीची गाठ आवळायला पुढं झालो, तर बापानं काठी आडवी घातली.

“परीक्षेला पोरगी आणून सोडतो, सर. पर तवर तुमी कशालाच हात लावू नका.”