नेलीच्या डोळ्यातलं भिंग

मॉस्कोच्या आमच्या नेत्रसंस्थेत रिम्मा पावलोव्हना माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायच्या. शिक्षणाने रसायनतज्ज्ञ. नवरा कधीकाळी लेनिनग्राडला बदलीवर गेला, तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. चार-पाच कुटुंबांचं एकच स्वयंपाकघर असलेल्या सामायिक घरातल्या एका खोलीत एकट्या राहायच्या.

त्या काळात आमच्याकडे जाड चष्म्याच्या लोकांच्या डोळ्यात, बाहुलीच्या मागे, सिलिकॉनचं बारीक भिंग बसवू लागले होते. माणसाला लख्ख दिसायचं. पण काहींचा डोळा ते परकं भिंग स्वीकारायचा नाही. आत दाह व्हायचा, भिंगावर थर चढायचा, मग मोतीबिंदू. रिम्मा पावलोव्हनांच्या मनात आलं, भिंगाच्या प्लॅस्टिकमध्ये डोळ्यातलंच काही मिसळलं तर? डुकराच्या डोळ्यातून कोलॅजन नावाचं प्रथिन निघतं, माणसाच्या कोलॅजनशी मिळतंजुळतं.

मग त्या कत्तलखान्यातून डुकरांचे डोळे आणू लागल्या. एका शनिवारी प्रयोगशाळा बंद मिळाली, म्हणून डबा घरी नेला. स्वयंपाकघरात शेजारीण क्लावाने झाकण उघडून बघितलं.

"अगं रिम्मा, लोक डुकराचं मटण आणतात, तू डोळे आणतेस? आता हे रात्रभर तुझ्याकडे बघत बसणार."

"बसू देत की. दुसरं कोण आहे बघायला?"

हे त्यांनीच मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

कितीतरी मिश्रणं वाया गेली. कुठलं पाण्यात दुधाळ व्हायचं, कुठलं हाताळताना फाटायचं. शेवटी एक जमलं, मऊ आणि नितळ. सशांच्या डोळ्यात ते महिनोन् महिने तसंच राहिलं. मग नेलीला बसवलं. नेली विणकाम कारखान्यातली मुलगी, चष्म्याचा नंबर मायनस अठरा.

तिची तपासणी डॉक्टरांचं काम, पण रिम्मा पावलोव्हना प्रत्येक वेळी हजर असायच्या. त्या दिवशी केस नीट कुरळे करून यायच्या. नेली येताना गूजबेरीचा मुरंबा आणायची आणि तासभर बडबडायची.

"रिम्मा पावलोव्हना, आता ट्रॉलीबसचा नंबर मला लांबूनच वाचता येतो. आधी मी सरळ चुकीच्या गाडीत चढायचे आणि वर ड्रायव्हरशीच भांडायचे."

"आत काही टोचतं? जड वाटतं?"

"छे. आत काही बसवलंय हेच मी विसरून जाते."

यंत्रातून बघताना त्यांना भिंग स्वच्छ दिसायचं. त्यांना हेच तर हवं होतं.

तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही. काही त्रास झाला तरच ये." नेलीचं लग्न ठरलं होतं, नवऱ्याबरोबर दूर उत्तरेला, मुर्मान्स्कला जायची होती. तिने रिम्मा पावलोव्हनांना घट्ट मिठी मारली आणि पळतच जिना उतरली.

"चांगलं झालं," त्या मला म्हणाल्या. "त्रास नाही, म्हणजे ती येणार नाही."

मी म्हणालो, "रविवारी आमच्याकडे या. बायको खिमा भरून पेल्मेनी करणार आहे."

"सशांना कोण बघेल?"

सशांना बघायला माणूस होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी आग्रह केला नाही. पुढे त्या भिंगाने बऱ्याच जणांचे चष्मे सुटले. रिम्मा पावलोव्हना निवृत्त होईपर्यंत रविवारीही प्रयोगशाळेत येत राहिल्या.