अंगठ्याआधी वाचलेली ओळ

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सेनगावकडच्या गावांत तापाच्या साथीनं पुष्कळ लेकरं पोरकी झाली. चार भल्या माणसांनी त्यांची सोय लावायचं मनावर घेतलं आणि मला, नव्या शाळामास्तराला, कागद देऊन फिरायला लावलं. एकेकाला बाजूला घेऊन काय पाहिजे ते विचारायचं. एकाला दोन वेळची भाकर हवी होती. त्याला सात घरी जेवणाचे वार लावून दिले. एक थोराड पोरगा म्हणाला, "भाकर नको, हाताला काम द्या." त्याला सुताराकडे ठेवला.

पंधरा वर्षांची एक पोरगी चुलत्याकडे राहायची. विहिरीपाशी ती म्हणाली, "पोटाला मिळतंय, मास्तर. पण चुलता मला बिजवराला देऊन राहिला. त्याला माझ्याएवढी लेक हाये. मला परभणीच्या बोर्डिंगात धाडा. अन् हे चुलत्याला सांगू नका."

"न्हाई सांगत," मी म्हणालो, आणि तिचं म्हणणं कागदावर जसंच्या तसं उतरवलं.

बोर्डिंगला पालकाचा अंगठा लागायचा. चुलत्यानं मला आग्रहानं जेवू घातलं, भातावर तूप वाढलं. मग मी तोच कागद काढला.

"बराबर वाचून दाखवा, मास्तर," तो म्हणाला. "न वाचता अंगठा दिला, अन् माझ्या बापाचं वावर गेलं."

अंगठ्याआधी कागद वाचायचा ही रीतच होती. तिच्या म्हणण्याची ओळ गाळता आली असती. त्याला अक्षर येत नव्हतं. मी वाचली. पुढं कुणी विचारलं की सांगायचो, नियमापुढं इलाज नव्हता. खोटं आहे ते. तूप वाढणारा माणूस मला भला वाटला. पोरगी वाढवून सांगत असेल, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

तो हसला. "लेकरू हाये. तिला काय कळतंय!" शाईची दौत त्यानं अंगठा न देता तशीच माझ्याकडं सरकवली.

ताटं उचलायला ती आली. दाराआडून सगळं ऐकलं होतं तिनं.

"काहून वाचलं, मास्तर? मी तर तुमाला एकट्याला सांगितलं होतं."

आठ दिवसांत लग्न लागलं. मला बोलावणं होतं. गेलो, अक्षता टाकल्या. बोर्डिंगातली जागा दुसऱ्या मुलीला गेली. आणि कागदावर तिच्या नावापुढं मीच लिहिलं: सोय झाली.